शेवंताराजे यांची उतरणीची पहिली सायकल आणि चार बोटांचा दंडक

श्रीगजानन प्रसन्न. माथ्यावरची देवी प्रसन्न, पायथ्याचें तळें प्रसन्न, आणि या दोहोंमधील जी उतरण तीही प्रसन्न असावी, म्हणजे हाडें जाग्यावर राहतील. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. संवत्सराचें नांव क्रोधी, परंतु वर्ष मोठें हसतमुख निघालें. ते सालीं एका डोंगरी राज्यांत जें वर्तलें तें जैसें कानीं आलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव पुसूं नये, पुसल्यास मिळणार नाहीं.

राज्य म्हणाल तर एका डोंगराचें. माथ्यावर देवीचें देऊळ, डोंगराच्या कमरेस राजवाडा, पायथ्यास तळें आणि तळ्याकांठीं पेठ, येवढाच मुलूख. आणि माथ्यावरून तळ्यास उतरावयास एकच वाट, तींत दगड, मुळ्या, मुरूम, घसारा, आणि मधोमध एक वळण ऐसें कीं भलाभला तेथें आडवा होई, म्हणून लोक त्यास लोटांगणाचें वळण म्हणत. पूर्वीं राजघराण्याचें लेंकरूं दहा वर्षांचें जाहलें म्हणजे देवीस नारळ फोडून घोड्यावरून ही उतरण उतरे आणि तळ्याचें पाणी ओंजळींत घेई, आणि मग त्यास भरदरबारीं बोलण्याचा अधिकार मिळे. तोंवर दरबारांत बसावें, ऐकावें, आणि जांभई आली तरी तोंड मिटून द्यावी. मग काळ पालटला, घोडे गेले, पागा रिकामी पडली, आणि घोड्याचे जागीं डोंगरी सायकल आली, जाड दातेरी टायरांची, पुढें-मागें शॉकअप असलेली, दगडावर आपटली तरी हूं कीं चूं न करणारी. वाहन पालटलें, नेम तोच राहिला. जो उतरला तो बोलला, न उतरला तो मुका.

त्या राज्यांत दुसराही एक दंडक होता आणि तो पहिल्याहून कडक. महाराजांच्या मातोश्री भागीरथीबाई, ज्यांस सारे थोरल्या बाईसाहेब म्हणत, यांणीं तो घातला होता. तो ऐसा कीं, लेंकरासाठीं जें करावयाचें तें अंगाचें माप घेऊन वर चार बोटें सोडून करावें, कां कीं लेंकरूं वाढतें आणि वस्तु वाढत नाहीं. परकर शिवला तर चार बोटें दुमड आंत. जोडा घेतला तर चार बोटें पुढें मोकळा आणि त्यांत कापूस. त्यामुळें तेथील लेंकरें अस्तन्या दुमडून जेवत, आणि जोडा निसटूं नये म्हणून पायाचीं बोटें आखडून चालत, आणि ज्या वर्षीं वस्त्र अंगास बरोबर येई त्याच वर्षीं तें कोपरांत विरलेलें असे. खुद्द महाराज रंगराव यांचा मुकुट त्यांच्या आठव्या वर्षीं याच दंडकानें घडविला होता, आणि महाराज चाळिशी ओलांडून गेले तरी तो कपाळ सोडून भुंवयांवर बसे. आंत कितीही गुंडाळा भरला तरी घटकाभरानें मुकुट खालीं आणि महाराज आंत. कोणी कांहीं बोलत नसे. महाराज लहान असतां राज्य थोरल्या बाईसाहेबांनींच चालविलें होतें, सबब उतरण न उतरतांही त्या दरबारांत बोलत. त्या मनाच्या वाईट नव्हत्या. त्या आणि त्यांच्या बहिणी लहानपणीं एका परकरावर पाळीपाळीनें बाहेर पडत, आणि तोही गुडघ्यावर आलेला, आणि पेठेंतलीं पोरें हंसत. तें त्यांच्या पोटांत राहिलें होतें. म्हणून कोणाचेंही लेंकरूं तोकड्या वस्त्रांत दिसलें कीं त्यांच्या डोळ्यांस पाणी येई, आणि पाणी आलें कीं त्या रागें भरत.

महाराजांच्या राणी कनकाबाई मैदानी मुलखांतल्या. लग्न होऊन पालखींतून डोंगर चढून आल्या त्या चढून आल्या. उतरण उतरल्या नाहींत, सबब दरबारांत मुक्या. महाराजांच्या डाव्या हातीं बसत आणि ऐकत, आणि महालांत परत आल्या म्हणजे महाराजांस दुसरा दरबार बसून ऐकावा लागे. महाराज फार सालस. "तुम्ही म्हणाल तसं," येवढेंच बोलत, आणि पान खात. या उभयतांस एक कन्या, शेवंताराजे, घरांत शेवू. तिजला ते सालीं दहा वर्षें जाहलीं आणि मार्गशीर्षी पौर्णिमेस तिनें उतरण उतरावी ऐसें ठरलें.

एके सकाळीं राणीसाहेब लेंकीची वेणी घालीत होत्या आणि शेवंताराजे यांणीं आरशांतून विचारलें,

"आईसाहेब, मी उतरले की मग दरबारात बोलू शकते ना?"

"हो."

"काहीही?"

"काहीही म्हणजे शहाण्यासारखं."

"ते मग बघू. माझ्याकडे खूप साठलंय."

"एवढं काय साठलंय गं?"

"ते दरबारातच. तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही दुरुस्त कराल."

राणीसाहेबांस हंसूं आवरेना, आणि त्याचबरोबर आपणही या घरांत येतांना बरेंच कांहीं बोलावयाचें म्हणून साठवून आणिलें होतें तें कोठें गेलें, हेंही मनांत आलें, आणि मग त्यांणीं वेणीचा पेड जरा घट्ट ओढला आणि शेवंताराजे "आई गं" म्हणाल्या.

मग झुंबरशेट सौदागर यांस बोलावणें गेलें. हे शेट देशोदेशींच्या सायकली आणीत आणि तोंडानें मोठे गोड. त्यांणीं पागेपुढील पटांगणांत सायकली ओळीनें उभ्या केल्या, हरएकीवर रेशमी झूल घातली, आणि दरबारची मंडळी येऊन बसल्यावर एकेक झूल ओढीत गेले. "ही पाहावी हुजूर. स्वभावानं शांत. खड्ड्यात घाला, दगडावर घाला, तक्रार नाही. ही दुसरी जरा तापट, ब्रेकला बोट लावलं की जागच्या जागी खिळते. आणि हिचा शॉकअप तर असा, की वरून उडी मारली तरी पोटातलं पाणी हलणार नाही." महाराज प्रत्येकीस "छान आहे" म्हणत होते. थोरल्या बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "रंगा, सगळ्यांना छान म्हणू नकोस. तो शेट चेकाळतोय." इतक्यांत शेवंताराजे ओळीच्या शेवटास गेल्या होत्या. तेथें एक सायकल वांगी रंगाची, चणीनें लहान, झुलीवांचूनच उभी होती. शेवंताराजे तिजवर टांग टाकून उभ्या राहिल्या, दोन्ही पाय जमिनीस टेकले, दोन्ही हातांचीं बोटें ब्रेकांवर पडलीं, आणि त्या तिथूनच ओरडल्या, "ही!"

थोरल्या बाईसाहेब जवळ गेल्या, चहूंकडून पाहिलें, आणि म्हणाल्या, "ही? ही तर आत्ताच बरोबर होतेय."

"हो ना, आजीसाहेब!"

"मग पुढच्या वर्षी काय करशील? गुडघे कानाला लागतील. राजाची मुलगी आणि तोकड्या सायकलवर! उतर खाली."

मग त्यांणीं नातीच्या पायाचें माप घेतलें, वर चार बोटें सोडलीं, आणि ती चार बोटें शेटांस दाखविलीं, आणि शेट काय समजावयाचें तें समजले, आणि सूर्यफुलासारखी पिवळीधमक एक सायकल पुढें आली, उंच, रुंद हँडलाची, देखणी यांत संशय नाहीं. "वाढत्या मापाची म्हणाल तर ही अशी आहे," शेट म्हणाले, "की राजकन्येचं लग्न होऊन ती सासरी गेली तरी पुरेल."

"ऐकलंस?" थोरल्या बाईसाहेब प्रसन्न जाहल्या.

शेवंताराजे यांस उचलून वर बसविलें. एक पाय पेडलवर, दुसरा हवेंत.

"आजीसाहेब, पाय पोहोचत नाही."

"पोहोचेल."

"कधी?"

"पुढच्या वर्षी पोहोचेल. पाय कुठे पळून जातोय?"

"पण उतरायचं या महिन्यात आहे."

"टाचा उंच कर."

तेव्हां शेवंताराजे यांणीं मातोश्रींकडे पाहिलें. राणीसाहेबांस येथें बोलतां आलें असतें, कां कीं हें पटांगण होतें, दरबार नव्हे. परंतु खरें लिहावयाचें तर त्यांसही सायकल मोठी घेतली याचें बरेंच वाटलें होतें. एवढी मोठी सायकल घेतली म्हणजे लेंक तेवढी मोठी होणारच, ऐसें कांहींसें आईच्या मनांत येतें. त्या म्हणाल्या, "घे गं शेवू. सवय होईल." मग सायकलीस हळदकुंकू लागलें, हार पडला, चाकाखालीं लिंबू चिरडलें, आणि पेढे वांटले.

पागेपासून पाण्याच्या टाक्यापर्यंत एक उतार आहे, त्यावर सराव सुरू जाहला. उतरणीची विद्या ऐसी कीं बसून उतरतां येत नाहीं. पेडलांवर उभें राहावें, गुडघे सैल सोडावे, बूड सीटच्या मागें न्यावें, आणि दोन बोटें सदैव ब्रेकावर ठेवावीं. शेवंताराजे उभ्या राहिल्या तर ब्रेक लांब राहत, आणि ब्रेक धरला तर पाय सुटत. शॉकअप मोठ्या माणसाच्या वजनाचे, ते या चिमुरडीच्या वजनानें दबेनातच, त्यामुळें प्रत्येक दगड येऊन नेमका मनगटांत बसे. तरी चार दिवस त्यांणीं दांतओठ खाऊन रेटलें. मग एके दुपारीं टाक्याच्या अलीकडे पुढचें चाक दगडावर चढलें, ब्रेक हातीं आला नाहीं, आणि सायकल आणि राजकन्या दोघी आडव्या जाहल्या. हनुवटी फुटली, कोपर सोललें. सायकल अंगावर पडली ती त्यांस उचलतां येईना, म्हणून हांक मारून कोणी येईपर्यंत तशाच पडून राहिल्या.

राणीसाहेबांनीं महालांत नेऊन हळद लाविली, फुंकर घातली. शेवंताराजे रडल्या नाहींत. थोड्या वेळानें म्हणाल्या,

"मला नाही उतरायचं."

"पडतात सगळे, राजा. महाराजही पडले होते."

"पडले त्याचं काही नाही. उठता आलं नाही. ती माझ्यावर होती आणि मी खाली होते." आणि मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी लहानच आहे. दरबारात मी नुसती बसेन."

"अगं, पण तुझं साठलंय ना केवढं?"

"काही नाही साठलेलं."

राणीसाहेबांनीं हळदीची वाटी खालीं ठेविली. पडण्याचें दुःख तेलहळदीनें जातें. परंतु दहा वर्षांच्या मुलीनें आपल्याजवळ बोलावयास कांहीं नाहीं म्हणावें, याजवर कोणतें तेल लावावें? लेंक निजली. सारा राजवाडा दुपारचा आडवा जाहला होता. मग राणीसाहेब तडक पागेंत गेल्या, आणि ती पिवळी सायकल भिंतीस टेकून उभी होती तीपुढें कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या, जैसें एखाद्या दांडगट पोरास जाब पुसावा. यांत भिण्यासारखें काय आहे तें आपण स्वतः पाहावें आणि संध्याकाळीं लेंकीस समजावून सांगावें, ऐसा विचार करून त्यांणीं काष्टा कसला, पदर खोंचला, आणि टांग टाकिली.

माहेरीं मैदानांत लहानपणीं सायकल फिरविली होती, तें अंग विसरलें नव्हतें. आणि पाय पोहोंचले. हात ब्रेकांवर आपसूक पडले. उताराला लागतांच शॉकअप मऊ दबले आणि उठले, जैसें शेजारीण मान डोलावते, आणि दगडावरून जातां पोटांत गुदगुल्या जाहल्या, आणि वारा कानांत शिरला, आणि राणीसाहेब, ज्या इतकीं वर्षें पालखीखेरीज कशांत बसल्या नव्हत्या, त्यांच्या तोंडून "आई आई गं!" ऐसा हर्षाचा शब्द निघाला कीं टाक्यावरचीं कबुतरें उडालीं. टाक्यापाशीं ब्रेक दाबून त्या थांबल्या, दम घेतला, आणि पुन्हां वर जाऊन पुन्हां उतरल्या, केवळ खात्रीसाठीं. आणि तिसऱ्यानें उतरल्या त्याचें कारण त्यांसच ठाऊक. मग टाक्याच्या कठड्यावर बसल्या तेव्हां हंसूं ओसरलें आणि त्यांस उमगलें. ही सायकल उत्तम होती. परंतु ती शेवूसाठीं घेतलीच नव्हती. जी मुलगी अजून जन्मास यावयाची होती, उंच, भरल्या हातांची, तिजसाठीं घेतली होती. आणि जी मुलगी या घडीस महालांत हनुवटीस पट्टी बांधून निजली होती, तिजला कोणी मापलेंच नव्हतें. तिचें माप घेऊन लागलीच त्यावर चार बोटें ठेविलीं होतीं.

सायंकाळीं महाराज महालांत आले आणि त्यांपुढें दुसरा दरबार बसला. राणीसाहेब म्हणाल्या, "ती वांगी सायकल आणायची." महाराज म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणून काय उपयोग? दंडक दरबारात बदलतो, आणि दरबारात मी मुकी! तुम्ही म्हणायचं."

"आईसाहेबांसमोर?"

"समोर."

महाराजांनीं तोंडांतलें पान थांबविलें. "उद्या जरा अंग मोडल्यासारखं वाटतंय मला."

"तिनं आज मला सांगितलं, की तिच्याजवळ बोलायला काही नाही. शेवूनं. आपल्या शेवूनं."

महाराजांनीं पान थुंकलें, आणि "बरं" म्हणाले.

दुसरे दिवशीं दरबार भरला. महाराज उठले, आणि थोरल्या बाईसाहेबांकडे वळून कांहीं बोलले तें कोणासही ऐकूं गेलें नाहीं. थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "काय पुटपुटतोस रंगा? मुकुट वर कर, आवाज आत राहतोय." आणि तेव्हां महाराजांनीं जें राज्यांत कधीं घडलें नव्हतें तें केलें. मुकुट वर केला नाहीं, काढलाच, आणि मांडीवर घेतला. दरबारास प्रथमच महाराजांचें कपाळ दिसलें. भुंवयांवर ऊन न लागलेला पांढराफेक पट्टा होता.

"आईसाहेब," महाराज म्हणाले, "हा माझ्या आठव्या वर्षी केलात. मी वाढलो. डोकं काही वाढलं नाही."

दरबारांत कोणी खोकलें, कोणी उपरण्यानें तोंड पुसलें.

"आजवर या गादीवर बसून मी माणसांचे फक्त पाय पाहिले. कोण आलं ते मी जोड्यावरून ओळखतो. दिवाण कसे दिसतात, हे मी आज पाहतोय." दिवाणजी लाजून उभे राहिले.

"मग सांगायचं नाही का रे?" थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या. आवाज त्यांचा एकदम बारीक जाहला.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बसेल. मला वाटलं, बसेल."

मग थोरल्या बाईसाहेब आसनावरून उतरल्या, लेंकाजवळ गेल्या, आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावरून आंगठा फिरविला. "केवढंसं डोकं रे तुझं," त्या म्हणाल्या.

"माझ्या मापाचं आहे, आईसाहेब."

येथें दरबार हंसला, आणि थोरल्या बाईसाहेब रागें भरल्या, कां कीं डोळ्यांस पाणी आलें होतें. "हसता काय! त्या पोरीची ती चिमणी सायकल पुढच्या वर्षी तोकडी होईल. मग?" महाराजांनीं डावीकडे पाहिलें. राणीसाहेबांस बोलण्याचा अधिकार नव्हता; त्यांणीं नुसती मान हलविली, आणि महाराज म्हणाले, "मग ती ज्या मुलीला बरोबर होईल तिला देऊ, आणि शेवूला दुसरी. तोकडं होईपर्यंत थांबायचंच नाही. तुम्हाला पाहावं लागणार नाही." थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "या खेपेला. फक्त सायकलपुरतं," आणि पदरानें नाक पुसलें.

तथापि दरबार वळला तरी मुलगी वळली नव्हती. राणीसाहेबांनीं "पेठेत जाऊ, नुसतं बघायला" म्हणून तिजला नेलें. झुंबरशेट म्हणाले, "वांगी रंगाची? आहे ना, कोपऱ्यात आहे. बिचारीला कोणी विचारत नाही." शेवंताराजे तिजवर बसल्या नाहींत. त्यांणीं ती सायकल धुळींत आडवी पाडिली, स्वतः खालीं आडव्या जाहल्या, सायकल अंगावर ओढून घेतली, आणि घटकाभर आकाशाकडे पाहत पडून राहिल्या. झुंबरशेट घाबरले. "राणीसाहेब, हे काय चाललंय? गिऱ्हाईक वरती बसतं, खाली झोपत नाही!" राणीसाहेबांनीं त्यांस हातानें थोपविलें. मग शेवंताराजे यांणीं गुडघा वर घेतला, हँडल ढकललें, सायकल बाजूस सारिली, उठल्या, आणि तिजलाही उठविलें, परकर झटकला, आणि म्हणाल्या, "हिच्याखालून उठता येतं. ही चालेल." मग कोठें टांग टाकिली. पाय टेकले. बोटें पोहोंचलीं. शेटांनीं पुढल्या शॉकअपमधली हवा थोडी थोडी सोडिली, तोंवर सोडिली कीं त्या नुसत्या पेडलवर उभ्या राहिल्या तरी तो नम्रपणें दबे, आणि शेवंताराजे यांणीं तो उगाच पुन्हां पुन्हां दाबून पाहिला आणि पट्टीखालून हंसल्या. मग रोज दुपारीं, वाडा निजला म्हणजे, पागेच्या उतारावर दोन सायकली दिसत, पुढें वांगी आणि मागें पिवळी, आणि कोणास विचाराल तर कोणीं कांहीं पाहिलें नव्हतें.

पौर्णिमा आली. देवीस नारळ फुटला, शेवंताराजे यांच्या कपाळीं अंगारा लागला, वर शिरस्त्राण बसलें, आणि तेंही बरोबर बसलें. महाराज माथ्यावर निरोपास, थोरल्या बाईसाहेब तळ्याकांठीं मंडपांत, आणि राणीसाहेब स्वतः मागून घेऊन लोटांगणाच्या वळणावर. जवळ हळद, पट्ट्या, पाण्याचा तांब्या, आणि उगाच एक लाडू. नौबत झडली. राणीसाहेबांस प्रथम कांहीं दिसेना, नुसता खडखडाट ऐकूं येई, आणि तो मध्येंच थांबे. त्या एक पाऊल पुढें जात, मग आणखी एक, आणि ऐसें करितां करितां त्या वाटेच्या अगदीं मधोमध येऊन उभ्या राहिल्या, हात पसरून, जैसें पडणारें पोर झेलावयास आई राहते. आणि वांगी रंगाचें कांहींतरी झाडींतून सुटलें, आणि वरून आवाज आला,

"आई! बाजूला!"

जन्मभर जी आईसाहेब म्हणे ती आज आई म्हणाली, आणि बाजूला म्हणाली. राणीसाहेबांनीं घाणेरीच्या झुडपांत उडी घेतली. तांब्या गडगडत गेला. वळणावर मागचें चाक घसरलें, सायकल कलली, इतकी कलली कीं राणीसाहेबांनीं झुडपांतून डोळे मिटले. आणि शेवंताराजे यांचा डावा पाय सुटला, जमिनीस लागला, जमिनीनें त्यास परत दिलें, आणि सायकल उभी जाहली आणि गेली. खालून हंसणें ऐकूं आलें, तें दूर दूर जात राहिलें. राणीसाहेब केसांत घाणेरीचीं फुलें घेऊन उठल्या आणि लाडू आपणच खाल्ला.

महाराज आणि राणीसाहेब पालखींतून खालीं आल्यावर तळ्याकांठीं दरबार बसला. शेवंताराजे यांणीं ओंजळींत पाणी घेतलें, दाखविलें, प्यायल्या. थोरल्या बाईसाहेब नातीच्या पायापासून सीटपर्यंत नजरेनें मोजीत होत्या आणि चार बोटें त्यांणीं मुठींत दाबून धरिलीं होतीं. "बसतेय हो," त्या शेवटीं म्हणाल्या. "नेमकी बसतेय." मग महाराज म्हणाले, "बोला, शेवंताराजे."

सारा दरबार कान देऊन बसला. शेवंताराजे यांणीं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलें, आणि इतकें साठलेलें एकदम दाराशीं आल्यानें कांहींच बाहेर पडेना. मग त्यांची नजर महाराजांच्या डाव्या हातास गेली, जेथें मातोश्री केसांत फुलें अडकलेल्या तशाच मुक्यानें बसल्या होत्या आणि डोळ्यांनीं 'बोल, बोल' म्हणत होत्या.

"माझं पुष्कळ आहे," शेवंताराजे म्हणाल्या, "ते मी रोज थोडं थोडं सांगीन. आज एकच. पिवळी सायकल आईसाहेबांना बरोबर होते. मी रोज पाहिलंय. तर त्यांनी उतरावं. म्हणजे मग त्यांचं त्या बोलतील."

दरबारांत कुजबुज जाहली. थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "सून? उतरण? या वयात?"

"आजीसाहेब, वयाचा नियम कुठे आहे? लेकरानं दहाव्या वर्षी उतरावं असं आहे. सुनेनं उतरू नये, असं कोण म्हणालं?"

दिवाणजींस विचारलें. दिवाणजींनीं बरेंच आठवून पाहिलें आणि ऐसें कोणीं म्हटल्याचें त्यांस आठवेना. थोरल्या बाईसाहेबांनीं सुनेकडे पाहिलें, केसांतलीं फुलें, कोपरावरचे ओरखडे, पदरास लागलेली माती, सर्व पाहिलें. "काय गं," त्या म्हणाल्या, "जमेल का तुला?"

राणीसाहेबांस दरबारांत उत्तर देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांणीं उत्तर दिलें नाहीं. त्या उठल्या, काष्टा कसला, पागेंतून पिवळी सायकल आणविली, आणि हँडल धरून माथ्याकडे चालूं लागल्या. शेवंताराजे मागून ओरडल्या, "वळणावर डावा पाय मोकळा ठेवा!"

सारांश, शके एकोणीसशें सेहेचाळीस या सालीं त्या राज्यांत बोलणारीं माणसें दोन वाढलीं आणि महाराजांस महालांत निवांत पान खावयास मिळूं लागलें. मुकुट सोनारानें लहान केला. उरलेल्या सोन्याची नथ घडली. परकरांपुरता चार बोटांचा दंडक अद्याप आहे. पुढल्या मार्गशीर्षांत शेवंताराजे यांचे गुडघे हँडलास लागूं लागले, आणि वांगी रंगाची सायकल पेठेंतल्या एका मुलीस गेली, आणि ती मुलगी सायकल घेऊन वळणाआड होईपर्यंत राणीसाहेब पाहत उभ्या होत्या. सायकल एकच वर्ष पुरली. तें वर्ष अंगास नेमकें बसलें होतें. बखर संपली, लेंकरें सुखी असोत.